आजींना सांभाळायला येणाऱ्या ताईंना नेमकं काय शिकवायचं?

घरी पेशंट सांभाळायला बायका पाठवणाऱ्या ब्युरोला फोन लावला की पलीकडून ठरलेले प्रश्न येतात. पेशंट लेडीज की जेंट्स? चालतंफिरतं की बेडवर? डायपर आहे का, नळी आहे का? बारा तास की चोवीस? उत्तरांवरून दर ठरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एक ताई पिशवीत डबा आणि बदलायचा गाऊन घेऊन दारात उभी राहते आणि घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. तोपर्यंत तिला आजींबद्दल माहीत असतं ते एवढंच: लेडीज, चालतंफिरतं, डायपर रात्रीपुरता.

आता एक आजी डोळ्यांसमोर आणा. वय ८१. कोथरूडच्या जुन्या सोसायटीत दुसरा मजला, लिफ्ट नाही. मधुमेह वीस वर्षांचा, बीपी त्याच्याही आधीचं. गुडघे गेलेले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं राहून गेलं. डाव्या कानाला कमी ऐकू येतं. दोनेक वर्षांपासून विसरायला होतं. लघवी लागली की धीर धरवत नाही. आजोबा गेल्यापासून जेवणावरची वासना उडाली आहे. ही आजी मी रचलेली आहे, पण तिच्यातलं एकेक दुखणं तुमच्या नात्यागोत्यात सापडेल, आणि बहुतेक वेळा एकाच माणसात तीन-चार सापडतील.

देशभरातल्या वृद्धांची जी मोठी पाहणी मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं केली (तिला 'लासी' म्हणतात), तिचा पहिला अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. साठीपुढच्या दर शंभरांत ७५ जणांना एखादा तरी जुनाट आजार, ४० जणांना काही ना काही अपंगत्व, २० जणांना मानसिक आरोग्याची तक्रार, असं त्यात दिसलं. बेरीज शंभरावर जाते, कारण तीच माणसं पुन्हा पुन्हा मोजली गेली आहेत. म्हातारपणातली दुखणी रांगेत उभी राहून एकेक करून येत नाहीत. महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेतच साठीपुढची माणसं १ कोटी १० लाखांच्या आसपास होती. तेव्हा हा काही पेठांपुरता किंवा दादर-पार्ल्यापुरता प्रश्न राहिलेला नाही.

दुखणी एकमेकांत कशी गुंततात

आपल्या आजींना रात्री तीनदा उठावं लागतं. अंधारात बाथरूमपर्यंत जायची भीती वाटते, सुनेला हाक मारायचा संकोच वाटतो. म्हणून त्या संध्याकाळी पाचनंतर पाणी प्यायचं बंद करतात. हे त्या कुणालाही सांगत नाहीत. मुळात उतारवयात तहान कमी लागते, त्यात बीपीची गोळी लघवी वाढवणारी. चार-सहा दिवसांत अंगातलं पाणी कमी होतं, पोट साफ होत नाही, लघवीला जंतुसंसर्ग होतो. तरुण माणसाला अशा वेळी जळजळ होते, थंडी वाजून ताप येतो. या वयात यातलं काहीच होणार नाही कदाचित. आजी अचानक म्हणतात, "आई आलीये माझी, तिला चहा टाक." घरचे एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, विसरणं वाढलं बाई.

पण विसरण्याचा आजार महिन्या-वर्षांनी वाढतो, दोन दिवसांत नाही. असा अचानक आलेला, सकाळी बरा आणि संध्याकाळी जास्त असा गोंधळ दिसला, तर शरीरात दुसरीकडे कुठेतरी काहीतरी बिघडलंय असंच धरून चालायचं. लघवी, बद्धकोष्ठ, पाणी, ताप, नवी सुरू झालेली गोळी, न सांगितलेली वेदना, यांतलं एक किंवा अनेक.

इथे कुणी हे ओळखलं नाही असं समजू. आजी जेवेनाशा होतात, पण शुगरची गोळी मात्र वेळच्या वेळी पोटात जाते. शुगर उतरते. रात्री अडीचला त्या उठतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, उंबऱ्याला पाय अडकतो. खुब्याचं हाड मोडतं. हाडांचे डॉक्टर खुबा बघतात, शुगरचे डॉक्टर शुगर, आणि फाइलवर लिहिलं जातं, 'घरात पाय घसरून पडल्या.'

आजींचं पडणं खरं तर पाच वाजता बाजूला ठेवलेल्या पाण्याच्या तांब्यापाशीच सुरू झालं होतं. तो तांब्या भरलेलाच राहिलाय हे दिसण्याची शक्यता एकाच माणसाला होती. डॉक्टर महिन्यातून दहा मिनिटं भेटतात, मुलगा रात्री नऊला घरी येतो, मुलगी सिंगापूरहून व्हिडिओ कॉलवर चेहरा बघते. दिवसाचे बारा तास समोर असते ती ताई. म्हणून माझं म्हणणं असं की, तिच्या प्रशिक्षणाचा गाभा 'कामं कशी करायची' हा असून भागणार नाही. एका गोष्टीचा दुसरीशी संबंध लावणं, बदल हेरणं आणि तो योग्य माणसाच्या कानावर घालणं हे तिला शिकवायला हवं. आणि कानावर घातल्यावर ऐकायचं कसं, हे घरच्यांना.

सध्या काय शिकवतात

आपल्याकडे 'जनरल ड्युटी असिस्टंट' आणि 'होम हेल्थ एड' हे काही महिन्यांचे अभ्यासक्रम आहेत. वाईट आहेत असं नाही. स्पंजिंग, कूस बदलणं, बेडपॅन देणं, ताप-नाडी-श्वास मोजणं, हात धुणं, हे सगळं त्यात येतं. केंद्राची राष्ट्रीय समाज संरक्षण संस्थाही वृद्धसेवेचे वर्ग चालवते. पण ब्युरोतून येणाऱ्या कितीतरी ताया यातलं काहीही न शिकता थेट कामावर रुजू होतात. आधी कुणाच्या तरी सासूबाईंचं केलं, मग शेजारच्या आजोबांचं, मग ब्युरोत नाव घातलं. अमुक इतके तास शिकल्याशिवाय कुणाच्या घरी पाठवायचं नाही, असं बंधन व्यवहारात कुठे दिसत नाही. जपानमध्ये वृद्धसेवेत शिरणाऱ्यांसाठीचा पायाभूत वर्ग १३० तासांचा आहे. अमेरिकेत केंद्राच्या नियमाप्रमाणे घरी जाणाऱ्या मदतनिसाला किमान ७५ तास लागतात, त्यातले निदान १६ तास प्रत्यक्ष सरावाचे. इंग्लंडनं एप्रिल २०१५ मध्ये १५ मुद्द्यांचं 'केअर सर्टिफिकेट' आणलं. तासांची स्पर्धा लावण्यात अर्थ नाही, पण या कामासाठी आधी काही शिकावं लागतं एवढं तरी तिथे गृहीत धरलेलं आहे.

आपल्या अभ्यासक्रमांची खरी अडचण मला वेगळी वाटते. ते हॉस्पिटल डोळ्यांसमोर ठेवून बेतलेले असतात. तिथे खाट वरखाली होते, कठडे असतात, हाकेसरशी सिस्टर येते, उचलायला दुसरा माणूस असतो. घरी दिवाण गुडघ्याच्याही खाली असतो. बाथरूमला उंबरा, ओली फरशी, कोपऱ्यात बादली. उठताना धरायला काय, तर टॉवेल अडकवायचा दांडा, तो एक दिवस स्क्रूसकट हातात येतो. आणि मदतीला हाक मारायची तर घरात दुसरं कुणीच नाही. म्हणून निम्मं शिक्षण तरी घरासारख्या घरात, आणि शेवटचे काही दिवस प्रत्यक्ष त्याच आजींच्या खोलीत झालं पाहिजे.

दिवाणावरून कमोड खुर्चीपर्यंत

बाहेरून क्षुल्लक वाटणारं हे काम जवळून बघण्यासारखं आहे, कारण आजींची सगळी दुखणी त्यात एकदम हजर असतात.

न शिकलेली ताई काय करते? "चला आजी, उठा" म्हणत दोन्ही हात धरून ओढते, किंवा काखेत हात घालून वर उचलते. काखेतून ओढलं की म्हातारा खांदा दुखावतो, लकवा झालेला खांदा तर निखळूही शकतो. ताईच्या कमरेचीही वाट लागते. आणि आजी एका झटक्यात आडव्याच्या उभ्या होतात.

शिकलेली ताई आधी समोर येते, डाव्या कानाशी न बोलता उजव्या बाजूनं, चेहरा दिसेल असं सांगते: "आजी, आपण लघवीला जाऊन येऊ." खुर्ची आधीच दिवाणाला लागून ठेवलेली, चाकांचे ब्रेक लावलेले, आणि आजींची जी बाजू जोरदार त्या बाजूला. मग आजींना कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडवायचे, हातानं टेकून बसतं करायचं. आणि थांबायचं. हे थांबणं शिकवायला सगळ्यात अवघड. एक-दोन मिनिटं नुसतं बसू द्यायचं, पावलं वरखाली हलवायला लावायची, "गरगरतंय का?" विचारायचं. बऱ्याच वृद्धांचं वरचं बीपी उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत २० किंवा त्याहून जास्त उतरतं. मधुमेह, बीपीच्या गोळ्या आणि कमी पाणी ही तिन्ही त्याची कारणं आपल्या आजींकडे आहेत. हॉस्पिटलातून आल्यावरचं चक्कर येऊन पडणं कितीदा तरी या दोन मिनिटांत टळतं.

मग पावलं मागे, गुडघ्यांच्या थोडी आत. अंग पुढे झुकवायचं, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत. जोर आजींनी लावायचा, ताईनं कमरेपाशी आधार द्यायचा. दिवाण फारच खाली असेल तर त्याच्या पायांखाली सुताराकडून चार पक्के, खाचेचे ठोकळे बसवून घ्यायचे. हजार व्यायामांपेक्षा या ठोकळ्यांनी आजी लवकर उठायला लागतात, हे फिजिओथेरपिस्ट सांगतात तेव्हा घरच्यांना खरं वाटत नाही.

आजी खुर्चीवर बसल्या की ताईचे डोळे कामाला लागतात. लघवीचा रंग चहासारखा गडद आहे का, वास वेगळा आहे का, किती दिवसांनी पोट साफ झालं. कपडे सावरताना माकडहाड, खुबे आणि टाचा बघून घ्यायच्या. पुस्तकात लिहिलेलं असतं की बेडसोरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात लाल डागानं होते. गव्हाळ, सावळ्या कातडीवर तो लाल दिसतच नाही. जांभळट किंवा आजूबाजूपेक्षा काळपट दिसतो, आणि दिसण्याआधी हाताला लागतो: गरम, किंवा आतून घट्ट. तिथे तेल लावून चोळायचं नाही. चोळल्यानं बरं वाटेल असं सगळ्यांना वाटतं, पण आत दबलेलं मांस त्यानं आणखी फाटतं. तिथला भार काढायचा, एवढाच उपाय. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, टाचांऐवजी पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवायच्या.

एका लघवीच्या खेपेत बीपी, साखर, कान, सांधे, कातडी, पाणी आणि आजींची लाज, सगळं आलं. प्रशिक्षणात हे सात वेगळे तास करून शिकवतात. ताईला घरी ते सातही तास दहा मिनिटांत लागतात.

"आज नेहमीसारख्या वाटत नाहीत"

अमेरिकेत नर्सिंग होममधल्या (म्हणजे वृद्धांना ठेवून सांभाळणाऱ्या संस्थांमधल्या) मदतनिसांसाठी 'स्टॉप अँड वॉच' नावाची एक साधी यादी वापरतात. इंग्रजी आद्याक्षरांवर बेतलेले बारा बदल: बोलणं कमी झालं, मदत जास्त लागते, दुखतंय, कमी खाल्लं, तीन दिवस पोट साफ नाही, कमी प्यायलं, वजन बदललं, चिडचिड, थकवा, कातडीचा रंग, चालताना जास्त आधार. पण या सगळ्यांच्या आधीचा, पहिलाच मुद्दा मला फार आवडतो: माणूस नेहमीसारखा वाटत नाही. त्याला यंत्र लागत नाही, शिक्षण लागत नाही. फक्त नेहमी कसं असतं ते ठाऊक असावं लागतं.

आणि हे 'वाटणं' फुकाचं नसतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मदतनिसांनी वागण्यातले बदल टिपले होते. ते आजाराची नोंद वैद्यकीय कागदांवर यायच्या सरासरी पाच दिवस आधीचे निघाले. पाच दिवस म्हणजे आपल्या आजींच्या गोष्टीत भरलेल्या तांब्यापासून मोडलेल्या खुब्यापर्यंतचं जवळजवळ सगळं अंतर.

यासाठी पहिल्या तीन दिवसांत ताईनं 'नेहमीचं' लिहून घ्यायचं. आजी किती वाजता उठतात, किती पोळ्या, किती पाणी, वॉकर घेऊन किती चालतात, नातवाचं नाव आठवतं का, रात्री किती वेळा उठतात, झोपताना काय पुटपुटतात. लिहिता येत नसेल तर घरातल्या कुणी लिहायचं, ताईनं सांगायचं. नंतर रोजच्या वहीत चार-पाच खुणा पुरतात. पाण्यासाठी पेल्याचं चित्र काढून त्यासमोर रेघा मारल्या तरी चालतं. मोबाइलवर व्हॉइस मेसेज तर आता सगळ्याच पाठवतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये वृद्धांच्या एकत्रित काळजीची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०१९ मध्ये त्यांचं हातपुस्तक. आजारांच्या नावांपासून सुरुवात करायची नाही, माणसाला काय जमतंय तिथून करायची, ही त्यातली चांगली कल्पना. स्मरण, चालणं, पोषण, डोळे, कान आणि मन या सहा गोष्टी बघायच्या. साध्या चाचण्या आहेत. तीन शब्द सांगायचे आणि थोड्या वेळानं विचारायचे. हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठबस, १४ सेकंदांत होते का बघायची, अर्थात ज्यांना झेपेल त्यांनाच. तीन महिन्यांत तीन किलोपेक्षा जास्त वजन आपोआप उतरलं का, हे ब्लाउज सैल झाल्यावरूनही कळतं. ताईनं निदान करायचं नाहीये. पण चष्म्याची काच पुसून दिली, कानयंत्राचा सेल बदलला, तर निम्मा 'विसराळूपणा' कमी झालेला मी ऐकलेला आहे. ऐकूच आलं नाही तर माणूस उत्तर तरी काय देणार?

फोन कसा करायचा आणि कसा घ्यायचा

हेरलेलं सांगता आलं नाही तर फुकट जातं. "दादा, आजी बऱ्या नाहीयेत" हा फोन मीटिंगमध्ये बसलेल्या मुलाला काहीच सांगत नाही. तो विचारतो, "म्हणजे काय झालंय?" ताई म्हणते, "काय माहीत, बऱ्या नाहीयेत." फोन बंद.

सरावानं हाच फोन असा होतो: "दादा, मी ताई बोलते. आजी कालपासून असंबद्ध बोलतात, सकाळी बऱ्या असतात, दुपारनंतर जास्त. काल फक्त तीन पेले पाणी. आज एकच पोळी. शुगर तपासली, ११०. ताप नाही. लघवी गडद आहे, वास येतोय. डॉक्टरांना विचारता का, दुपारची शुगरची गोळी देऊ की थांबू?" तीस-चाळीस सेकंद. काय बदललं, कधीपासून, मी काय बघितलं, मला काय हवंय. वर्गात हे दोघींनी समोरासमोर बसून, एकीनं दादा होऊन, खोटं खोटं करून बघायचं. चार वेळा केलं की जीभ वळते.

पण दादाच्या बाजूनंही बरंच शिकायचं असतं. "तुम्ही काय डॉक्टर आहात का?" एवढं एकदा ऐकवलं की ताई पुन्हा फोन करत नाही. पुढच्या वेळी ती गप्प बसेल आणि मग आपण म्हणू, "सांगितलं का नाही?" ज्या घरात ताईचा फोन कुणी घ्यायचा, तो नाही लागला तर दुसरा कुणी, आणि कुठल्या डॉक्टरांना थेट विचारायचं हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नाही, त्या घरात कितीही शिकलेली ताई आणली तरी उपयोग अर्धाच.

काही वेळा मात्र विचारत बसायचं नसतं. चेहरा एका बाजूला वाकडा, एक हात खाली पडतो, जीभ जड: थेट १०८ लावायचा आणि आजी शेवटच्या धडधाकट कधी दिसल्या ती वेळ लिहून ठेवायची. लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना डोकं आपटलं तर टेंगूळ नसलं, रक्त आलं नसलं तरी दाखवायचंच. घाम, थरथर, गोंधळ आणि शुगर ७०च्या खाली, पण आजी जाग्या आणि गिळू शकतात: तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, साखरही नाही. भीतीपोटी माणसं नेमकं तेच करतात आणि ते फुप्फुसात जातं.

अंघोळीला नको म्हणणाऱ्या आजी

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाची काळजी हा या सगळ्यातला सर्वांत कमी शिकवला जाणारा भाग. 'लासी'च्याच पुढच्या अभ्यासात साठीपुढच्यांत हे प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. ब्युरोच्या भाषेत मात्र असा पेशंट 'त्रास देणारा', आणि त्याचा दर थोडा जास्त.

त्रास बहुतेक वेळा अंघोळीला सुरू होतो. आजींच्या बाजूनं बघा. एक अनोळखी बाई आपल्याला हाताला धरून थंड खोलीत नेते, कपडे काढायला लावते आणि डोक्यावर पाणी ओतते. कुणीही हात उगारेल! ताईनं आवाज चढवला की आजींचाही चढतो. त्याऐवजी खोली आधी कोमट करायची, बादली भरून ठेवायची म्हणजे नळाचा आवाज नको. अंगावर टॉवेल राहू द्यायचा आणि त्याखालून एकेक भाग धुवायचा. सुरुवात पायांपासून, डोकं शेवटी किंवा वेगळ्या दिवशी. तांब्या आजींच्या हातात द्यायचा. चाळीस-पन्नास वर्षांची सवय हातात असते, ती डोक्यापेक्षा जास्त टिकते. रोज अंघोळ झालीच पाहिजे हा आग्रह बहुधा आजींचा नसतोच, घरच्यांचा असतो. एखाद्या दिवशी पुसून घेतलं तर काही बिघडत नाही, हे ताईला नव्हे, घरच्यांना सांगावं लागतं.

आणि "आई आलीये" म्हटल्यावर "तुमची आई जाऊन चाळीस वर्षं झाली" असं सांगण्यात काही हशील नाही. आजींना ती बातमी दरवेळी नवीन असते. "आईच्या हातचं काय आवडायचं तुम्हाला?" असं विचारलं की आजी पुरणपोळीवर येतात. तोपर्यंत ताईनं मनात पाण्याचे पेले मोजायचे, कारण हे बोलणं आजचं नवीन असेल तर कदाचित लघवीचा संसर्ग आहे.

जेवणाबद्दल थोडक्यात. ताठ बसवून, लहान घास, घास गिळल्याची खात्री करून पुढचा, जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. पाणी पिताना ठसका लागतो, आवाज घोगरा-ओला येतो, तर ते डॉक्टरांना सांगायचं. गोळ्या कुटून भातात कालवायची पद्धत घराघरांत आहे. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर असं काही असतं ती पोटात हळूहळू विरघळायला केलेली असते, कुटली की दिवसभराचा डोस एकदम उतरतो. कुटायच्या आधी औषधाच्या दुकानात नाही, डॉक्टरांना विचारायचं.

ताईचं काम कुठे संपतं

'एकत्रित काळजी' म्हटलं की सगळी कामं ताईच्याच गळ्यात बांधायचा मोह होतो. लघवीची नळी घालणं, नाकातली नळी बदलणं, शिरेतून इंजेक्शन, ही तिची कामं नाहीत, मग तिला ती 'येत' असली तरी. नळीची पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीत पण जमिनीला न टेकता ठेवणं, हे तिचं काम. पिशवीत लघवी येईनाशी झाली की लगेच कळवणं, हेही तिचंच. शिवाय मुलांचे डबे, सुनेची भांडी, कुत्र्याला फिरवणं हे त्यात बसत नाही. ठरवताना बसवलं नाही आणि हळूहळू बसवलं, की सगळ्यात आधी पाण्याचे पेले मोजणं सुटतं.

चोवीस तासांच्या ड्युटीत ताई झोपते कधी, हा प्रश्न विचारायला लोकांना जड जातं. रात्री चार वेळा उठलेल्या बाईकडून सकाळी सहाला दोन मिनिटं थांबून "गरगरतंय का" विचारण्याची अपेक्षा करणं मला तरी बरोबर वाटत नाही. आणि शिकण्याचे दिवस बिनपगारी असतील तर शिकायला कोण येईल? दिवस बुडतो, ब्युरोचं कमिशन असतंच, शिकून आल्यावर दर वाढत नाही. महाराष्ट्रानं २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण आजारी माणसाची काळजी आणि घरकाम यातला फरक अजून पगारात उतरलेला नाही. जोवर शिकलेल्या ताईला पाचशे-हजार रुपये तरी जास्त मिळत नाहीत, तोवर प्रमाणपत्र पिशवीच्या तळाशीच राहणार.

बदली ताई आली की

सगळं नीट बसलेलं असतं आणि ताई दिवाळीला किंवा गावच्या जत्रेला आठ दिवस जाते. ब्युरो दुसरी पाठवतो. तिला पुन्हा तेच: लेडीज, चालतंफिरतं. वृद्धांच्या बाबतीतल्या बऱ्याच गडबडी अशाच आठवड्यात होतात, कारण 'नेहमीचं' काय ते जाणणारी बाई गावाला गेलेली असते.

उपाय महागडा नाही. जायच्या आदल्या दिवशी दोघींना अर्धा दिवस एकत्र ठेवायचं आणि पैसे दोघींनाही द्यायचे. जुनी ताई आजींना एकदा दिवाणावरून खुर्चीवर घेऊन दाखवेल, मग नवी करून दाखवेल, आणि जुनी फक्त बघेल. वही वाचून दाखवायची. कुठला कान, कुठला गुडघा, कुठल्या गोळीवर चक्कर येते, अंघोळीला कशानं तयार होतात, चिडल्या की कुणाचं नाव काढायचं. तोंडी विचारून घ्यायचं: "शुगर साठ आली आणि आजी पेंगतायत, काय कराल?" उत्तर "साखर भरवीन" असं आलं, तर जुन्या ताईनं गाडी तासभर उशिराची पकडायची.